संशोधन आणि परिचर्येचे अध्यापन : प्रात्यक्षिक कक्षापासून वॉर्डापर्यंत

परिचर्येच्या शिक्षणात संशोधन दोन वाटांनी येते. पहिली वाट वेळापत्रकात छापलेली असते. बी.एस्सी. नर्सिंगच्या अखेरच्या वर्षात ‘परिचर्या संशोधन आणि संख्याशास्त्र’ हा विषय असतो, जीएनएमच्या तिसऱ्या वर्षात त्याची तोंडओळख होते आणि एम.एस्सी.ला प्रबंध लिहावा लागतो. दुसरी वाट वेळापत्रकात सापडत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीला रुग्णाची कूस बदलायला, ताप बघायला, इंजेक्शन द्यायला शिकवताना ट्यूटर जे सांगते ते कशाच्या बळावर सांगते, हा त्या वाटेवरचा प्रश्न. पहिल्या वाटेसाठी तासिका, गुण, परीक्षक असे सगळे आहे. दुसरीसाठी यातले काही नाही, आणि रुग्णाची गाठ मात्र दुसरीशीच पडते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा फरक लख्ख दिसतो. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय हे इथले मोठे सरकारी रुग्णालय. शहरातल्या पाचही कॅम्पांतले रुग्ण तिथे येतातच, शिवाय कर्जत-मुरबाडकडूनही येतात. अंबरनाथला डॉ. बी. जी. छाया उपजिल्हा रुग्णालय आहे, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय, उल्हासनगरातच राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय, आणि या सगळ्यांभोवती दहा-वीस खाटांची खासगी नर्सिंग होम आणि प्रसूतिगृहे. २०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. या भागातल्या कितीतरी मुली पहाटेची लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबईकडच्या संस्थांत शिकायला जातात आणि नोकरीला पुन्हा घराजवळच्या एखाद्या दवाखान्यात लागतात. शिक्षण एका ठिकाणच्या सोयींत झालेले असते आणि काम दुसऱ्या ठिकाणच्या गैरसोयींत करायचे असते. शिकताना फक्त कृती हाती लागली असेल आणि तिच्यामागचे कारण लागले नसेल, तर अशी मुलगी पहिल्याच आठवड्यात अडते. मग शेजारची जुनी सिस्टर करते तसे ती करू लागते.

संशोधनाचा निष्कर्ष वर्गात उतरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अधिकृत सूचनाच बदलणे. जलसंजीवनी हे त्याचे चांगले उदाहरण. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाण्यातले मिश्रण पिण्यासाठी दिले. ते पाजण्याचे काम बहुतांशी नातेवाइकांनीच केले. आधी शेकडा वीस-तीस रुग्ण दगावत होते. या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. जे शहरच १९४९ साली निर्वासितांच्या वसाहतीतून उभे राहिले, त्या उल्हासनगरात ही हकिगत शिकवताना छावणी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पुढे २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिश्रणाचे प्रमाण बदलले. लिटरमागे सोडियम ९० मिलिमोलवरून ७५ वर आले आणि एकूण परासरणीयता ३११ वरून २४५ वर. कमी तीव्रतेच्या द्रावणाने मुलांच्या उलट्या कमी होतात आणि सलाइन लावण्याची वेळ कमी वेळा येते, असे चाचण्यांत आढळले होते.

या बदलाची नोंद दोन तऱ्हांनी घेता येते. फळ्यावरचा जुना आकडा पुसून नवा लिहिणारी ट्यूटर चुकीचे काही करत नाही. मुली नवा आकडा पाठ करतात. पण आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते आणि त्याच्या मागोमाग पाणी ओढले जाते, द्रावण फार तीव्र झाले तर उलट पाणी आतड्यात येते, हे जी सांगते तिच्या विद्यार्थिनीला आणखी एक गोष्ट आपोआप कळते. पुडी एक लिटरऐवजी एका पेल्यात कालवणाऱ्या आईला थांबवायला हवे, आणि ते का, हेही तिला सांगता येते. संशोधन शिकवणे याचा वर्गातला अर्थ इतका साधा असू शकतो.

नवी गोष्ट शिकवण्यापेक्षा जुनी काढून टाकणे अवघड असते. ‘बॅक केअर’ची प्रोसिजर त्याची साक्ष देते. प्रात्यक्षिक कक्षात पुतळ्याला कुशीवर वळवलेले असते. ट्रॉलीवर कोमट पाण्याचे बेसिन, साबण, टॉवेल, स्पिरिटची बाटली, पावडरचा डबा. ट्यूटर पाठ पुसून कोरडी करते, तळहातावर स्पिरिट घेऊन कमरेपासून खांद्यापर्यंत लांब हात फिरवते, मग हाडांच्या उंचवट्यांवर गोल गोल चोळते आणि शेवटी पावडर लावते. मुली एकेक करून तेच करून दाखवतात आणि लॉग बुकात सही होते. चोळल्याने रक्तपुरवठा वाढतो आणि बेडसोर टळतो, असे कारण सोबत दिलेले असते. ऐकायला ते पटतेही.

डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये वृद्ध रुग्णांवर केलेला अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. कातडीला काय लावले याने फारसा फरक पडत नाही, दाब किती वेळ राहिला याने पडतो, असे त्यातून दिसले. नियमित कूस बदललेल्या रुग्णांना व्रण कमी झाले. पुढच्या दशकांत हे चित्र अधिक स्पष्ट झाले. हाडावरची लाल झालेली कातडी म्हणजे आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या आहेत. तिथे चोळले तर त्या आणखी फाटतात. स्पिरिट कातडी कोरडी करते. दाबव्रणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी धोक्याची कातडी चोळू नये असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही अनेक प्रोसिजर बुकांत ते गोल गोल चोळणे जसेच्या तसे आहे. यात आळसाचा भाग थोडा आणि मायेचा जास्त असावा. पाठ चोळून दिली की रुग्णाला बरे वाटते, नातेवाइकांना सिस्टरने काहीतरी केले असे दिसते, आणि शिकवणारीलाही तिच्या शिकवणारीने हेच शिकवलेले असते. म्हणून नुसते ‘हे बंद’ म्हणून भागत नाही. पाठ पुसणे, कातडी न्याहाळणे, ओलावा टिपणे आणि धोक्याच्या जागा सोडून हलका हात फिरवणे हे राहू द्यायचे. उंचवट्यांवरचे चोळणे आणि स्पिरिट तेवढे वगळायचे. कुठली रेघ खोडली आणि कुठली ठेवली हे मुलींना दिसले पाहिजे. पूर्ण पानच फाडले की पुढच्या वर्षी ते कोणीतरी पुन्हा चिकटवते.

याच विषयात पुढचा धडा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, असा परिचर्येचा जुना नियम. अमेरिका आणि कॅनडातील २७ शुश्रूषागृहांत ९४२ वृद्धांवर केलेली एक यादृच्छिक चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांत व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. निष्कर्षाची ही एक ओळ वाचून एखादी उत्साही शिक्षिका वर्गात सांगेल की आता चार तासही चालतात. पण त्या चाचणीतले सगळे रुग्ण दाट फोमच्या गाद्यांवर होते. इथल्या वॉर्डात रेक्झिनचे आवरण घातलेली, मधोमध दबलेली गादी असते. जुलैच्या दमट हवेत त्या रेक्झिनखाली घाम साचतो. त्या गादीवर चार तास म्हणजे निष्कर्षाचा वापर नव्हे, त्याचा गैरवापर आहे. संशोधनाचा अहवाल वाचताना ‘काय आढळले’ याच्या आधी ‘कोणावर, कशावर, कोणाच्या देखरेखीत’ हे वाचायची सवय लावणे हे शिक्षकाचे खरे काम आहे. ही सवय शोधनिबंधाच्या रचनेवर व्याख्यान देऊन लागत नाही. गादीवर हात ठेवून लागते.

महाराष्ट्रातल्या परिचर्या-शिक्षकाला असा अभ्यास परदेशातच शोधावा लागतो असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांची घट दिसली. प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे असलेला ६२ चा दर २५.५ वर आला. आरोग्यदूत बाळाचे वजन करत, त्याला ऊबदार ठेवत, अंगावर पाजायला मदत करत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनही देत. याच धर्तीवर २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींची योजना देशभर आणली. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची, हे वेळापत्रक त्या योजनेचे.

अंबरनाथ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर सामुदायिक परिचर्येच्या पोस्टिंगला गेलेल्या विद्यार्थिनीला हे वेळापत्रक तोंडपाठ असते. आशाताईच्या पिशवीतला वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ तिथे का आले, हे मात्र तिला बहुधा सांगितलेले नसते. ते सांगितले तर श्वास मोजण्याचा धडाही बदलतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर तो जलद धरायचा. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाला ही मर्यादा ५०, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. मोजायचे पूर्ण एक मिनिट, कारण नवजात बाळ श्वास एकसारखा घेत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर आकडा हमखास फसतो. बाळ शांत असताना, झबले वर करून, पोटाकडे बघत मोजायचे. बाळ रडत असेल तर थांबायचे. शिकवणारीने झोळीतल्या एका बाळाचा श्वास दोन मुलींना एकाच वेळी मोजायला लावला आणि दोघींचे आकडे वेगळे आले, की मोजमापातली चूक म्हणजे काय याचे व्याख्यान तिथेच पूर्ण होते. संख्याशास्त्राचा तास नंतर घ्यायला हरकत नाही.

यशाच्या कथा शिकवायला सोप्या असतात. अपयशी ठरलेला किंवा अर्धाच फळलेला अभ्यास शिकवायला धैर्य लागते, पण त्यातून हाती जास्त लागते. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी-यादी उत्तर प्रदेशातल्या सरकारी प्रसूतिकेंद्रांत वापरून पाहण्यात आली. २४ जिल्ह्यांतली १२० केंद्रे, दीड लाखाहून अधिक प्रसूती. परिचारिकांना यादी वापरायला शिकवण्यासाठी मार्गदर्शक नेमले होते. निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन महिन्यांनी, म्हणजे मार्गदर्शन जोरात असताना, १८ आवश्यक कृतींपैकी यादीच्या केंद्रांत ७३ टक्के झाल्या, तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शन संपल्यावर, बाराव्या महिन्यात, यादीच्या केंद्रांचे प्रमाण ६२ टक्क्यांवर उतरले होते. आणि आई-बाळाचे मृत्यू व आईची गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच राहिले : १५.१ आणि १५.३ टक्के.

‘यादीचा उपयोग नाही’ असा अर्थ यातून काढणे घाईचे होईल. हात धुणे, बाळंतिणीचा रक्तदाब घेणे, ऑक्सिटोसिन तयार ठेवणे या गोष्टी यादीमुळे वाढल्या हे खरे. पण रक्त मिळण्याची सोय, गुंतागुंतीच्या बाळंतिणीला वेळेत पुढे पाठवणे, सिझेरियन करणारा डॉक्टर, बाळाला श्वास देण्याचा सराव यांतले बरेच काही यादीच्या हातात नव्हते. बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयातून रात्री एखाद्या बाळंतिणीला उल्हासनगरला किंवा त्याही पुढे पाठवावे लागते, तेव्हा यादीवरच्या सगळ्या खुणा बरोबर असूनही काय राहते, हे या अभ्यासाच्या आधाराने शिकवता येते. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारने प्रसूतिकक्षांच्या गुणवत्तेसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला. त्याच्या तपासण्यांची तयारी करणाऱ्या परिचारिकेला हा अभ्यास माहीत असेल, तर कागदावरची खूण आणि प्रत्यक्ष कृती यांतले अंतर तिला आधीच जाणवलेले असते.

क्षयरोगाच्या शिकवणीत दोन भारतीय अभ्यासांमध्ये सहा दशकांचे अंतर आहे. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ साली दाखवले की औषधे नीट घेतली तर घरी उपचार घेणारा रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, आणि त्याच्यामुळे घरच्यांना जास्त लागणही होत नाही. उपचार सुरू झालेल्या रुग्णाचे ताट-वाटी आयुष्यभर वेगळे ठेवायला सांगणारी परिचारिका हा अभ्यास न वाचता त्याच्या विरुद्ध शिकवत असते. २०२३ साली झारखंडमधल्या अभ्यासाने दुसरे टोक दाखवले : रुग्णाच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ आणि डाळ दिली तेव्हा त्यांच्यात नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत काम करणारा, चार-पाच जणांबरोबर एका खोलीत राहणारा तरुण रुग्ण हा या निष्कर्षाचा थेट विषय आहे. त्याला गोळ्यांची वेळ सांगताना त्याचे वजन दर महिन्याला नोंदणे आणि क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणारे ‘निक्षय पोषण’ योजनेचे पैसे खात्यात येतात का हे विचारणे, ही या अभ्यासामुळे परिचर्येची कृती ठरते, समाजसेवेची पुरवणी नव्हे. या योजनेत दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले.

पुराच्या या भागात लेप्टोस्पायरोसिसचाही धडा असतो. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या घरांत शिरले होते. अंदमानात झालेल्या एका चाचणीत आठवड्याला घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनने संसर्ग थांबला नाही, पण आजार कमी जणांना झाला. पूर ओसरल्यावर गोळ्या वाटणाऱ्या विद्यार्थिनीला हा भेद माहीत हवा. नाहीतर ‘गोळी घेतली, आता चिखलात उतरायला हरकत नाही’ असा सल्ला तिच्याच तोंडून जातो.

रुग्णाला शिकवणे हेही परिचर्येचे काम. उल्हासनगरात ते सिंधी, हिंदी, मराठी अशा तिन्ही भाषांत चालते. जुन्या पिढीतल्या अनेक सिंधी रुग्णांची वाचनाची लिपी अरबी वळणाची, म्हणून देवनागरीतले पत्रक त्यांच्या हाती देऊन काम होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेहाच्या रुग्णांवर २००३ साली झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नवी गोष्ट सांगितल्यावर रुग्णाला ती समजली का, हे डॉक्टर फक्त १२ टक्के वेळा तपासतात, आणि जिथे तपासतात तिथल्या रुग्णांची साखर अधिक आटोक्यात असते. एवढ्यावरून तपासल्यामुळेच साखर उतरली असे म्हणता येत नाही, हेही विद्यार्थिनींना सांगायला हवे. पण रीत बिनखर्चाची आहे. इन्सुलिन कुठे टोचायचे हे समजावून झाल्यावर ‘कळलं का काकी?’ असे विचारले की ‘हो’च येते. ‘घरी गेल्यावर सुनेला कसं सांगाल, मला सांगून दाखवा’ म्हटले की खरे काय कळले ते बाहेर येते.

आता पहिल्या वाटेकडे, म्हणजे संशोधन या विषयाकडे. राज्यातल्या आणि देशातल्याही परिचर्या महाविद्यालयांतले प्रबंध चाळले तर एक साचा वारंवार भेटतो : अमुक शहरातील निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर संरचित अध्यापन कार्यक्रमाचा परिणाम. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून एक तास, आठवड्याने तीच प्रश्नावली. गुण वाढतात, टी-चाचणी लक्षणीय येते, प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो. शिकवल्यावर गुण वाढतात हे सिद्ध करायला टी-चाचणी लागत नाही. तुलनेचा गट नसतो, कृती बदलली का हे कोणी पाहत नाही, रुग्णाचे काय झाले हा प्रश्नच येत नाही. यात विद्यार्थिनींचा दोष नाही. वर्षभरात, परवानग्यांच्या फेऱ्यांत आणि खिशातल्या पैशांत बसेल असा साचा त्यांच्या पुढ्यात ठेवलेला असतो. त्याच वेळात आणि त्याच पैशांत करण्याजोगी दुसरी कामे आहेत. एका वॉर्डातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांपैकी किती जणांच्या खाटेला कूस बदलण्याचा तक्ता लावलेला आहे, त्यातल्या किती तक्त्यांवर रात्रपाळीच्या नोंदी आहेत, हे महिनाभर रोज मोजणे हेही संशोधनच आहे. त्याचा निकाल त्याच वॉर्डातल्या परिसेविकेच्या कामाचा असतो.

परिसेविकेला, म्हणजे इनचार्ज सिस्टरला, इथे बाजूला ठेवून चालत नाही. अमेरिकेत सँड्रा फंक आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परिचारिकांना विचारले होते की संशोधन वापरण्यात अडचण कोणती. सर्वाधिक जणींनी दिलेले उत्तर वाचनाच्या किंवा वेळेच्या अडचणीचे नव्हते. रुग्णसेवेची रीत बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांना वाटत होते. इथेही याहून वेगळे चित्र असण्याचे कारण नाही. शिक्षिका महाविद्यालयाची, वॉर्ड अधिसेविकेच्या अखत्यारीतला, औषधे डॉक्टरांच्या कागदावर. विद्यार्थिनी प्रात्यक्षिक कक्षात शिकलेली नवी रीत वॉर्डात करू लागली की ‘इथं असं चालत नाही’ हे वाक्य तिला ऐकावे लागते, आणि ते बोलणारीकडे पन्नास रुग्ण आणि दोन हात असतात. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ठरवते. पण शिक्षक आणि वॉर्ड यांच्यातला संवाद ठरवणे कोणत्याही परिषदेच्या हातात नाही. ज्या शिक्षिका नवी रीत वर्गात नेण्याआधी इनचार्ज सिस्टरबरोबर बसून एकदा वाचतात, तिच्याकडून अडचणी ऐकून घेतात आणि मगच शिकवतात, त्यांच्या मुलींना वॉर्डात कमी बोलणी बसतात. नवी पद्धत तिथे टिकण्याची शक्यताही त्यामुळेच वाढते.

वाचायचे कुठून, हा प्रश्न मागे उरतो. ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ १९१० पासून निघते. मोफत उघडणारे लेख बरेच आहेत. जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली. खासगी परिचर्या महाविद्यालये तिच्या बाहेर आहेत, आणि विद्यार्थिनींची मोठी संख्या तिथेच शिकते. शिवाय हे सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीपुढे इंग्रजी शोधनिबंध ठेवून ‘वाचून या’ म्हटले तर ती मोबाइलवरून भाषांतर करून आणते आणि त्यात ‘कंट्रोल ग्रुप’चा ‘नियंत्रण गट’ होऊन कोणी कोणाला नियंत्रणात ठेवले हेच कळत नाही. शिक्षिकेने एकाच निबंधातला एकच तक्ता मराठीत उलगडून दाखवला तर त्यापेक्षा जास्त साधते. महिन्याला एक तक्ता, एवढे पुरे आहे.

शिकवण्याच्या पद्धतीवरही संशोधन झालेले आहे, आणि तिथे शिक्षिकांना स्वतःच्याच सवयी तपासाव्या लागतात. वाचलेले पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवून पाहिले तर आठवड्याने जास्त लक्षात राहते, हे २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले. अमेरिकेतल्या दहा परिचर्या अभ्यासक्रमांत झालेल्या आणि २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास नीट आखलेल्या सिम्युलेशनने भरून काढले तरी मुलींची तयारी कमी पडली नाही. ‘नीट आखलेल्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. धूळ खात पडलेला पुतळा म्हणजे सिम्युलेशन नव्हे. उलट, प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी, कोणी बघून शिकतो तर कोणी ऐकून, म्हणून शैलीनुसार शिकवावे, या मताला पुरेसा पुरावा नाही असे २००८ च्या एका सविस्तर आढाव्यात स्पष्ट झाले. तरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते मत सुखाने नांदत आहे. पाठ चोळण्यासारखेच.

शेवटी परीक्षा. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सत्रपद्धतीच्या अभ्यासक्रमात ऑस्की पद्धतीला जागा आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी ती प्रथम मांडली. विद्यार्थिनी एकेका टेबलापाशी जाऊन एकेक कृती करते आणि परीक्षक तपासणी-यादीवर खूण करतो. त्या यादीत ‘हाडांच्या उंचवट्यांवर मालिश केले : १ गुण’ अशी ओळ असेल, तर वर्षभर शिकवलेला नॉर्टन यांचा अभ्यास त्या एका गुणासमोर टिकत नाही. हुशार मुलगी वॉर्डात एक करते आणि परीक्षेत दुसरे. म्हणून यादी तयार करताना प्रत्येक ओळीसमोर ती कोणत्या मार्गदर्शक तत्त्वातून आली आणि त्याचे साल कोणते, हे लिहिण्याची पद्धत घालता येईल. ज्या ओळीसमोर काहीच लिहिता येत नाही ती आधी बाहेरच्या परीक्षकांबरोबर बसून तपासायची, आणि आधार सापडेपर्यंत तिला गुण ठेवायचे नाहीत. यासाठी अनुदान, परवानगी किंवा नवा अभ्यासक्रम लागत नाही. परीक्षेच्या आदल्या महिन्यातली एक दुपार लागते, आणि ती दुपार आजही प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर सह्या करण्यात जाते.